बिनरेघांची फरशी

कुमासीच्या अदूम भागातल्या जुन्या टपाल कचेरीत एक बाई फरशी पुसत होती, आणि मला पुढचं पाऊल टाकता येईना. "थांबा मॅडम, ओलं आहे, पडाल," ती म्हणाली, तेव्हा मी थांबलेच होते, पण पडण्याच्या भीतीने नव्हे. पाणी फिरलं की टेराझोचा, म्हणजे सिमेंटात दगडाची खडी ओतून घासलेल्या जमिनीचा, विझलेला रंग वर येतो. एरवी राखाडी दिसणाऱ्या जमिनीतली हिरवी, काळी, दुधी, विटकरी खडी एकेक करून जागी होते. प्रयोगशाळेची पार्सलं घ्यायला मी या कचेरीत वर्षानुवर्षं येत होते. ही फरशी आग्याने, म्हणजे माझ्या वडिलांनी, घातली हे मला आपलं नाव ठाऊक असावं तसं ठाऊक होतं. नावाकडे कोण बघतं? पण त्या सकाळी उजवा पाय उचललेला तसाच राहिला आणि स्पष्ट वाटलं, खाली माणूस आहे. ओणवा, गुडघ्यांवर, आमच्याकडे पाठ करून. भिंत आणि जमीन मिळते तिथे कोपरा नव्हता, एक वळण होतं, आतून हात फिरवल्यासारखं. ते तो बाटलीने काढायचा. एकच जाड बुडाची बाटली, सगळ्या शहरभर. मी खिडकीपर्यंत गेलेच नाही. भिंतीला धरून तशीच मागे फिरले. फोन वाजला तेव्हा मी पायरीवर उभी होते आणि तळव्यांना गार लागत होतं, चपला असूनही.

फोन क्वाद्वोचा होता, माझ्या आत्याच्या मुलाचा. "दुफिए, टाइल्स आल्या!"

"कसल्या टाइल्स?"

"कसल्या काय? आजीच्या खोलीसाठी. मामाला अंत्यदर्शनासाठी तिथेच निजवायचं ठरलंय ना? क्रीम कलर, कडेला सोनेरी वेल. बघशील तर बघत राहशील. टाइलवाला आलाय, आता जुनी जमीन खडबडीत करायला टाचे मारायला घेतो म्हणतोय."

"क्वाद्वो, ती फरशी आग्याने घातलीय."

"अगं म्हणूनच तर! अख्ख्या कुमासीला आरशासारखी जमीन देणारा माणूस, आणि त्याला निजवायचं कुठे? त्या तडा गेलेल्या लाल जमिनीवर? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मी येते. तोवर थांबव."

"ये की. पण येऊन करणार काय? हे घरचं काम आहे."

त्यात दुष्टपणा नव्हता. क्वाद्वो साधा माणूस आहे, आणि बोलला ते खरंच होतं. आमच्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलांचा; गेला की तो त्याच्या आईच्या घरचा. गावचं घर, ती खोली, शवागारात थांबलेला त्याचा देह, सगळ्यावर बहिणीच्या आणि भाच्यांच्या कुळाचा शब्द. घराला रंग होईस्तोवर, पत्रे बदलेस्तोवर त्याने थंडीत थांबायचं हेही त्यांनीच ठरवलेलं. आम्ही पोटच्या मुलांनी शवपेटी आणायची, आणि ज्यावर त्याला निजवायचं ते: चटई, उशी, कापड. मग गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं. माझं कामच दगडांशी आहे.

केजेटियाच्या गाडीअड्ड्यावर गावची ट्रोट्रो, वडापची गाडी, भरेपर्यंत मी खिडकीशी बसून होते आणि आग्याचे गुडघे आठवत होते. चेहरा आठवायला गेलं की मृत्यूच्या भित्तिपत्रकावरचा फोटो मध्ये यायचा, गुडघे मात्र स्वच्छ दिसत. करडे, चिवट, उंटाच्या गुडघ्यांसारखे. यंत्र जमिनीचा मधला भाग घासतं. कोपरे, पायऱ्या, खांबांचे पाय हे हातात दगड धरून घासावे लागतात, पाणी शिंपत, आणि दगडाखालून राखाडी दूध वाहत राहतं. त्या दुधात तो दिवसभर असायचा. संध्याकाळी आई, माआमे पोकुआ, चोळायला शियाच्या बियांच्या तुपाची वाटी घेऊन बसायची आणि आम्ही मुलं सुईने त्याच्या गुडघ्यांतली खडी काढायचो. कातडीत रुतलेले एवढेएवढे कण. तो आरामात बसून आमची शाळा ऐकायचा. "दुखतं का आग्या?" "कुठे?" तो विचारायचा, जणू ते गुडघे दुसऱ्या कुणाचे होते. एखादा कण निघाला की मी तो दिव्याशी धरायची. मला वाटतं, माझं दगडांकडे बघणं तिथून सुरू झालं, बापाच्या अंगातून काढलेल्या दगडापासून. गाडीत शेजारची बाई मका सोलत होती, तिच्या नखांचा आवाज सुईच्या आवाजासारखा येत होता, आणि माझी बोटं मांडीवर आपोआप चिमूट करत होती.

त्याच्याबरोबर कायम अतिंगा असायचा, उत्तरेकडचा, फ्राफ्रा जमातीचा. दोघं तरुणपणापासून एका यंत्राचे दोन दांडे धरलेले. त्यांचं बोलणं म्हणजे भांडणच. "तुम्ही असांते लोक बसायला जन्मलेली माणसं," अतिंगा म्हणायचा, "राजाला चौरंग, पुढाऱ्याला चौरंग, देवाला चौरंग. आणि हा एक बघा. चौरंग हरवला म्हणून जन्मभर जमिनीवर शोधतोय." आग्या न बघता म्हणायचा, "शोधतोय कारण तू त्यावर बसलायस. ऊठ, पाणी आण." इमारत पुरी झाली की तिथले वडीलधारे येत, पितरांची नावं घेत बाटलीतलं मद्य नव्या जमिनीवर ओतत. आणि ते तसंच पडून राही. एक थेंब मुरत नसे. छताचं प्रतिबिंब पडलेलं छोटंसं तळं. सगळे गेल्यावर आग्या खिशातून फडकं काढून ते टिपायचा. "माझ्या फरशीवर पितर तहानलेलेच जातात," तो म्हणायचा, आणि अतिंगा, "तुमचे पितर चिकट, ते फडकं पिळून पितील." हे मी कितीदा ऐकलं असेल. तेव्हा हसू यायचं. आज गाडीत बसल्या बसल्या त्या तळ्यावर डोळे अडकले. मुरत का नव्हतं? कारण त्याने एकही छिद्र शिल्लक ठेवलेलं नसे. मी सूक्ष्मदर्शकाखाली दगड बघते. निसर्गालाही इतकं नीट क्वचित जमतं.

मी मुलींच्या वसतिशाळेत होते तेव्हा तो भेटीच्या दिवशी यायचा. इस्त्रीचा सदरा, हातात केंकेची, आंबवलेल्या मक्याच्या उंड्यांची, पिशवी. बाकीचे बाप मुख्याध्यापिकेशी बोलत. हा तिच्या कचेरीच्या दारात खाली बसून जमिनीवरून बोट फिरवायचा. "हे कुणी केलंय? घाईत होता बिचारा. बायको बाळंतपणाला असेल." मग मला म्हणायचा, "अभ्यास कर." एवढंच. त्याच्या डोक्यातला शहराचा नकाशा खालून होता. बँक, इस्पितळ, कोर्ट, मेथडिस्ट चर्च, यांच्या वर काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नसे. माणसं वर बघत चालतात आणि पाय टाकतात ती जागा कुणीतरी त्यांच्यासाठी सपाट केलेली असते, हे मला आज, बापाविना, धक्के खाणाऱ्या गाडीत समजत होतं, आणि समजताना भीती वाटत होती. इतक्या लोकांचं वजन.

आणि तरी त्याची एक जमीन फुटलेली होती. सगळ्यात पहिली, त्याच्या आईच्या खोलीतली. काम शिकून नुकताच मोकळा झाला होता. टेराझो ओतताना मध्ये पट्ट्या घालतात, काचेच्या किंवा पितळेच्या, म्हणजे जमिनीला आकसायला, हलायला जागा राहते. त्याने घातल्या नाहीत. आईला सलग जमीन हवी होती, आणि त्यालाही दाखवायचं होतं. "तळ्यासारखी," तो सांगायचा, "रेघ नाही, जोड नाही. उस्ताद म्हणाला, वेडा आहेस. मी म्हटलं, बघाच." दुसऱ्या वर्षी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तडा गेला. ही गोष्ट तो स्वतःच्या फजितीची म्हणून सांगायचा आणि शेवटी त्याचा आवाज जरा खाली जायचा. नाताळात आम्ही गावी जायचो तेव्हा तो एक दिवस त्या खोलीत दार लावून बसायचा. आम्हाला वाटायचं, आजीसाठी प्रार्थना करतो. आजी गेल्यावरही बसायचा. खोलीत आम्हा मुलांना मज्जाव होता. जमिनीवर प्लास्टिकचं आच्छादन, त्याखाली आत्याने वर्षानुवर्षं चोळलेलं लाल मेण. बुजलेल्या जखमेसारखा एक गडद पट्टा तेवढा त्यातून उठून दिसायचा. तो ओलांडताना आग्या पाय किंचित उचलायचा. मीही उचलायची.

गाव आलं तेव्हा हातोड्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. क्वाद्वोने थांबवलं नव्हतं. अंगणात टाइल्सची खोकी, निम्म्या भिंतींना नवा पिवळा रंग, आत्या अफ्राकोमा सावलीत बसून भेंड्या चिरतेय. मी तिच्या पाया पडले की नाही आठवत नाही. सरळ खोलीत गेले. टाइलवाला दाराकडून आत येत होता. प्लास्टिक गुंडाळून बाजूला टाकलेलं, खोलीचा तिसरा हिस्सा टाचे मारून खडबडीत झालेला, हवेत सिमेंटचा तो जुना, तोंडात चुना आल्यासारखा वास. "बाजूला व्हा मॅडम, धूळ आहे," तो म्हणाला. मी बाजूला झाले नाही, कारण मला तडा दिसला होता. आतून. जिथे त्याने हातोडा मारला होता तिथे मेणाचा थर उडाला होता आणि जमीन तीन बोटं खोल फुटून तिचा उभा काप समोर आला होता. मी त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने बादली सरकवली. मी ओंजळीने पाणी घातलं.

हे मला नीट सांगायला हवं. माझ्याकडे ओबुआसीच्या बाजूच्या खाणींतले दगड येतात. मी त्यांचे केसाहून पातळ काप करते आणि बघत बसते. तिथला खडक फुटतो, भेगेत गारगोटी साकळते. तो पुन्हा तिथेच फुटतो, पुन्हा साकळते. असं होत होत शीर रुंद होत जाते, आणि कापात बारीक पट्टे दिसतात, एकाला लागून एक, प्रत्येक पट्टा म्हणजे एकदा फुटणं आणि एकदा सांधणं. आमच्या भागातलं सोनं बहुतेक अशाच शिरांतून निघतं. माझी निम्मी नोकरी हे पट्टे बघण्यात गेली आहे. आणि आता माझ्या गुडघ्यांसमोर, आजीच्या खोलीत, पाण्याखाली, तेच होतं. तळहाताएवढी रुंद झालेली शीर. काळ्या खडीचा पट्टा, त्याला लागून हिरवा, मग दुधी, मग विटकरी, मग पुन्हा काळा पण वेगळा काळा, चमचमणारा. प्रत्येक पट्टा चाकूच्या पात्याएवढा, तळापर्यंत ठासून भरलेला, वरून घासून सपाट केलेला. भिंती मातीच्या, घर ओढ्याच्या बाजूला सरकणारं. दरवर्षी भेग उघडत होती, आणि दरवर्षी तो दार लावून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसत होता. ती चमचमणारी काळी खडी बँकेची. हिरवी इस्पितळाची. टपाल कचेरीची विटकरी. सकाळी तिच्यावर पाय टाकवला नव्हता. मी पट्टे मोजू लागले आणि थांबले. मोजणं उद्धटपणाचं वाटलं. मानेवरचे केस उभे राहिले होते. चर्चमध्ये मला असं कधी झालेलं नाही.

"मॅडम काय शोधतायत? सोनं?" टाइलवाल्याने विचारलं.

"तिची नोकरीच ती आहे," क्वाद्वो दारातून म्हणाला. "दुफिए, ऊठ गं, कपडे बघ तुझे. म्हणून सांगत होतो, हे आमच्यावर सोड."

"क्वाद्वो, इकडे ये. हे बघ."

तो वाकला, बघितलं. त्याला काही दिसलं नसावं. "तडा आहे. मामाने बुजवलेला. मग?"

"दरवर्षी बुजवलेला. त्या वर्षी शहरात जे काम केलं त्याची खडी आणून."

"दिसलं का तुला?" मागून आत्या म्हणाली. ती काठी टेकत उंबऱ्याशी आली होती, बोटांना भेंडीचा चिकटा तसाच. "रुमालात बांधून आणायचा. मी विचारायचे, यंदा काय रे? म्हणायचा, यंदा बँक. यंदा कोर्ट. मग मी दार लावून घ्यायचे, कुणी बघू नये म्हणून. तो गेला की वरून मेण."

"आई!" क्वाद्वो सरळ उभा राहिला. "मग बोलायचं नाहीस का? टाइल्सचा रंग तूच पसंत केलास!"

"मला वेल आवडली."

"वेल आवडली!"

"आणि त्याने शपथ घातली होती रे. म्हणायचा, कामातली चूक आहे, लोकांना दाखवायची नसते. मी एकदा म्हटलं, एवढा जाच होतो तर उखडून नवी घाल. तर म्हणाला, मग नाताळला मी इथे येऊन करू काय, तुझी बडबड ऐकू?"

क्वाद्वो माझ्याकडे वळला. त्याचा आवाज आता समजावणीचा होता, आणि त्यामुळे जास्त कठीण. "ऐकलंस ना? मामालाच दाखवायची नव्हती. अंत्यविधीला शंभर गावची माणसं येणार, त्याच्या धंद्यातली माणसं येणार. मी त्याची लाज झाकतोय दुफिए. त्याच्या जागी उभा राहणारा मी आहे. हे मी नाही करायचं तर कुणी?"

तो बरोबर होता. मी ज्याला शीर म्हणत होते त्याला आग्या चूक म्हणत होता, आणि जमीन आग्याची होती. टाइलवाल्याने हातोडा उचलला आणि पुढे एक टाचा मारला. मेणाचा पापुद्रा उडाला. मी सवयीने तिथे पाणी टाकलं. आणि त्या शिरेच्या मधोमध एक पट्टा दिसला ज्यात खडी नव्हती. लाल माती होती, चुन्यात कालवलेली, आणि तिच्यात बारीक फोडलेले पांढरे तुकडे. त्यांच्या कडांना निळी नक्षी.

आम्ही लहान होतो तेव्हा एक वर्ष पाऊस आला नाही. रानं जळली, शहरात सिमेंट येईना, कुठे काही बांधलं जाईना. आग्या घरी बसून होता. संध्याकाळी आई सवयीने तूप घेऊन बसली आणि त्याचे गुडघे हातात घेऊन रडायला लागली, कारण ते मऊ झाले होते. कधी नव्हे ते इतर माणसांसारखे गुडघे. आम्ही पातळ कोको, म्हणजे मक्याची पेज, पिऊन झोपायचो. त्याच वर्षी आईची निळी बशी हरवली, लग्नात तिच्या आईने दिलेली. आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं, मग मार बसला, मग सगळ्यांनी एकमेकांवर ढकललं. अगदी परवापरवापर्यंत आई एखाद्या जेवणात मध्येच म्हणायची, "खरं सांगा, कुणी फोडली?" आणि आग्या खाली मान घालून फुफूचे गोळे गिळत राहायचा. नाताळ आला होता. रुमालात बांधायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"क्वाद्वो," मी म्हणाले, "ज्यावर त्याला निजवायचं ते आम्ही आणायचं ना? बायकोने आणि मुलांनी?"

"चटई, उशी. हो. ते तुमचं."

"मग याला हात लावण्याआधी माझ्या आईला विचार. यात तिची बशी आहे."

"कुठली बशी?" आत्या आत आली, काठी टाकून भिंतीला धरून वाकली. "निळी? पोकुआची?" ती इतकी जवळ वाकली की तिचं नाक जमिनीला लागेल असं वाटलं. "चोर मेला! मला म्हणाला, बाजारात फुटक्या बशा फुकट मिळाल्या!"

मी फोन लावला. आईला नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागलं. बशी कुठे सापडली ते सांगितलं. मग आई म्हणाली, "त्या माणसाने?"

"हो, माआमे."

"आणि मी तुम्हा पोरांना मारलं."

"हो."

"काढू नका," आई म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही. तिथेच राहू दे ती, आणि त्यालाही तिथेच आणा. मला जाब विचारायचाय."

क्वाद्वोने कपाळाला हात लावला, आणि मग तो हसायला लागला, रडतात तसा, खांदे हलवत. टाइलवाला म्हणाला, आता काय करू? "करशील काय," आत्या म्हणाली, "न्हाणीघरात लाव. वेल वाया नको जायला." विधवेची वस्तू तिला न विचारता फेकता येत नाही, हे क्वाद्वोला कुणी सांगावं लागलं नाही. तो उकिडवा बसला, बोट पाण्यात बुडवलं आणि पट्ट्यांवरून हळूहळू आडवं फिरवलं. "ही बँक?" त्याने विचारलं. "बँक," मी म्हटलं. "आणि ही?" मी सांगत गेले. काही मला ओळखता आल्या नाहीत.

अतिंगा यंत्र घेऊन आला. म्हातारा झालाय, दांडा धरताना हात थरथरतात, पण यंत्र चालू झालं की थांबतात. टाचे मारलेला भाग त्याने भरला आणि वाळू दिला, मग सगळी जमीन घासून लाल मेण उतरवलं. कोपरे मी घासले, हातात दगड धरून. राखाडी दूध मनगटांवरून वाहत होतं. माझे गुडघे पहिल्या दिवशीच सोलले. शिरेच्या अगदी कडेला, ओढ्याच्या बाजूने, केसाएवढी एक फट उरली होती. गेल्या नाताळात आग्या आजारी होता, आला नव्हता. "ही?" मी विचारलं. अतिंगाने तिच्यात नख घालून पाहिलं. "ही मी नाही भरणार," तो म्हणाला. "त्याने यंदा कुठे काम केलंय? काय भरू, औषधाच्या गोळ्या?" आणि तोंड फिरवून त्याने उगाचच यंत्राची वायर गुंडाळली.

त्याला आणलं त्या दिवशी माणसं अंगणात मावत नव्हती. न्हाणीघराचं फार कौतुक झालं. खोलीत पलंग नको म्हणून आईने सांगितलं होतं. आमच्या चटईवर, आमच्या उशीवर, जमिनीवरच तो निजला होता, नव्या कापडात, गुडघे झाकलेले, आणि ती रंगीत शीर त्याच्या बाजूने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली होती. येणारे लोक त्याच्याकडे बघत आणि मग खाली बघत. धंद्यातले काही म्हातारे थांबले, वाकले. पुढे जाताना शिरेपाशी प्रत्येकाचा पाय किंचित उचलला जात होता. सांगितलं कुणी नव्हतं. आई त्याच्या डोक्याशी बसून हलक्या आवाजात काहीतरी विचारत होती, ओठ हलताना दिसत होते, आणि मध्ये मध्ये उत्तराला जागा सोडत होती.

मग कुळाचे वडील, नाना दापा, बाटली घेऊन उंबऱ्यात आले. मी सवयीने हातात फडकं घेतलं. घासलेली जमीन पाण्याने चमकत होती, अतिंगाने छिद्र ठेवलं नव्हतं, आणि आता इथे ते छोटं तळं साचणार, कुणीतरी टिपायला हवं. नानांनी आधी गेलेल्यांची नावं घेतली, त्याच्या आईचं नाव घेतलं, त्याचं घेतलं, आणि ओतलं. मद्य जमिनीवर पसरलं, क्षणभर त्यात दाराचा उजेड थरथरला, मग ते उताराने ओढ्याच्या बाजूला सरकलं, शिरेवरून, बँकेवरून, इस्पितळावरून, आईच्या निळ्या तुकड्यांवरून, आणि कडेच्या त्या फटीपाशी पोहोचलं. तिथे ते थांबलं नाही. आत गेलं. नाना ओतत राहिले आणि जमीन पीत राहिली, आवाज न करता, थेंब न ठेवता. मी फडकं धरून उभी होते. ते कोरडंच राहिलं.